एका वेळी एक प्रश्न: नव्याने शुगर निघालेल्यांसाठी

आठ वर्षांपूर्वी, गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात माझी शुगर निघाली. उपाशीपोटी १७८, जेवणानंतर २८६, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ८.९. वय ४६. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, "गोड बंद, भात बंद, चालायला लागा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. त्यांना दोष देत नाही, बाहेर बाकांवर तीसेक माणसं ताटकळत होती. संध्याकाळपर्यंत बातमी नात्यात फिरली. आत्याने कारल्याचा रस सांगितला, शेजारच्या काकांनी भिजवलेले मेथीदाणे, आणि मेव्हण्याने 'शुगर हा आजारच नाही' असं ठासून सांगणारा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला.

मी पतसंस्थेत हिशेब बघतो. तेरीज जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्यांतला. हा आजार मला कळायला लागला तो त्याची वही घातल्यावर. वर्षात ८,७६० तास असतात, त्यातला डॉक्टरांसमोरचा वेळ सगळा मिळून तासभर भरला तरी पुष्कळ. उरलेल्या तासांत काय खायचं, कधी चालायचं, चक्कर आली तर काय करायचं हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ते कोणी शिकवत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. गोव्यात प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. एवढ्या सगळ्यांना शिकवायला डॉक्टर कुठून पुरणार?

खालची पद्धत टाइप २ मधुमेह असलेल्या, गोळ्यांवर असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो), गरोदरपणातली शुगर, लहान मुलं, इन्सुलिन घेणारे यांचं गणित वेगळं असतं. वही त्यांनीही घालावी, पण पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना सोबत घेऊन.

पायरी १: आधी कागद लावा

पहिले पंधरा दिवस काही वाचू नका. व्हिडिओ तर नकोच. एक साधी फाइल आणा आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नवा वर. मग गोळ्यांचं पाकीट उलटं करा. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. ते बारीक नाव वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. चष्मा लागेल, किंवा मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

हे कशासाठी? कारण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असेल तर जेवण चुकल्यावर ती खाली जाऊ शकते. माझ्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड होती आणि हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. त्याची गोष्ट पुढे येते.

पायरी २: मीटर नीट वापरायला शिका

घरी शुगर मोजायच्या मीटरला गुडघ्याच्या डॉक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळे नावं ठेवतात. "लॅबपेक्षा वेगळं दाखवतं." दाखवणारच. या मीटरसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे तोच १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतो. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मीटर १७० दाखवेल किंवा २३०, आणि तरी ते बिघडलेलं नसेल. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शुगर शिरेतल्यापेक्षा थोडी जास्तच असते. म्हणून एका आकड्यावर हसू किंवा रडू नये. दिशा कळायला मीटर पुरेसं आहे.

पण मीटरने केलेल्या चुका आणि आपण केलेल्या चुका वेगळ्या. एका मे महिन्यात घरच्यांसाठी हापूस चिरून झाल्यावर मी तसाच बोट टोचून बसलो. आकडा आला ३१२. हात साबणाने धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचलं: १४९. आंबा मी तोंडातही टाकला नव्हता, बोटावरचा रस मीटरने मोजला होता. तेव्हापासून नियम: आधी हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, तिथे दुखतं जास्त. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि तिच्यावरची तारीख बघा.

पायरी ३: जोडीने मोजा

बहुतेक लोक आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी मोजतात, आकडा बघून उसासा टाकतात आणि मीटर कपाटात ठेवतात. त्या आकड्यातून काय शिकायचं? काल रात्रीचं जेवण, झोप, ताण, यकृताने पहाटे सोडलेली साखर, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

जोडीने मोजलं की आकडा बोलायला लागतो. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या ताटाचा हिशेब. वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, आधी, नंतर, काय आणि किती खाल्लं, आणि शेरा (झोप झाली नाही, भांडण झालं, चाललो, सर्दी). 'किती' मोजायला घरातली एकच वाटी ठरवून घ्या. आमच्याकडे स्टीलची एक कडा चेपलेली वाटी आहे, बायको तिला 'शुगरची वाटी' म्हणते.

माझ्या मीटरची एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे जोडी चाळीसला. रोज तीन जोड्या परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. आठवड्याला तीन जोड्या बस, पण एकाच प्रश्नावर.

साधारण लक्ष्य सांगायचं तर बहुतेक मोठ्या माणसांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. म्हाताऱ्या माणसांना, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य देतात. तुमचं कोणतं ते विचारून पहिल्या पानावर लिहा.

पायरी ४: आठवड्याचा प्रश्न

शिकणं खरं इथे होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्रश्न छोटा हवा आणि त्याचं उत्तर आकड्यात मिळायला हवं. 'मी काय खाऊ?' हा प्रश्न नाही, ते गाऱ्हाणं झालं. 'नाश्त्याला एक वाटी पोहे खाल्ल्यावर दोन तासांनी किती चढते?' हा प्रश्न. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. पोहेही कमी केले, चालायलाही लागलो आणि शुगर उतरली, तर श्रेय कोणाला द्यायचं?

माझा पहिला प्रश्न पोह्यांचाच होता. दोन वाट्या कांदेपोहे: आधी ११८, नंतर २२१. पुढच्या आठवड्यात एक वाटी पोहे, त्यावर मूठभर दाणे आणि वाटीभर मोडाची मटकी: आधी १२२, नंतर १६९. पोहे सुटले नाहीत, फक्त ताटातला त्यांचा वाटा कमी झाला. डॉक्टरांनी 'पोहे बंद' म्हटलं असतं तर मी पंधरा दिवस पाळलं असतं आणि सोळाव्या दिवशी स्टँडवरच्या गाडीवर जाऊन दोन प्लेट खाल्ले असते.

मग भाकरी. आमच्या भागात 'शुगरवाल्याला ज्वारीची भाकरी कितीही चालते' हे ब्रह्मवाक्य आहे. तीन भाकऱ्या आणि पातळ आमटी: नंतर २१४. दीड भाकरी, घट्ट उसळ, कोशिंबीर: १६१. भाकरीही पिठाचीच असते, हे आईला पटवायला वही दाखवावी लागली. गूळ आणि साखर यांचाही निकाल लावला. गुळाचा चहा आणि साखरेचा चहा यांत माझ्या मीटरला फरक कळला नाही. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि २६१ बघितली. तो प्रयोग पुन्हा करायची गरज वाटली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च.

सगळ्यात कामाचा निघाला तो शतपावलीचा प्रयोग. रात्रीचं ताट तेच ठेवलं: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण-भात. तीन रात्री जेवून खुर्चीत बसलो: २०३, १९२, २१०. तीन रात्री जेवून लगेच पंधरा मिनिटं चाललो: १६८, १५९, १७४. सरासरी २०२ विरुद्ध १६७. मीटरची चूक ३० ची असू शकते, म्हणून एका रात्रीच्या फरकावर मी विश्वास ठेवला नसता. तिन्ही वेळा एकाच बाजूला झुकला, म्हणून ठेवला. कारणही साधं आहे: चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात आणि त्यासाठी त्यांना जास्तीच्या इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. (पावलं शंभर नव्हे, दीड हजाराच्या घरात होतात. जुन्या माणसांनी शब्द तेवढा कंजुषीने बनवला.)

हे सगळे माझे आकडे आहेत. तुमच्या शरीराचा हिशेब वेगळा निघेल. माझ्या मोठ्या बहिणीला भाताने जेवढी चढते तेवढी पोळीने चढत नाही, मला दोन्हींनी सारखीच.

घरी स्वतःची शुगर मोजणं आज किरकोळ वाटतं, पण ही वाट एका पेशंटने पाडायला मदत केली. रिचर्ड बर्नस्टाईन हे अमेरिकेतले इंजिनिअर. १९४६ साली, बाराव्या वर्षी त्यांना टाइप १ मधुमेह झाला. १९६९ मध्ये त्यांनी एका नव्या मीटरची जाहिरात बघितली. ते होतं इस्पितळांसाठी, वजन सुमारे दीड किलो, किंमत ६५० डॉलर, आणि पेशंटला विकायचं नाही असा नियम. त्यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावाने मागवलं. दिवसातून पाच-पाच वेळा मोजून त्यांनी आपलं खाणं आणि इन्सुलिन बसवलं. ते लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं तर कोणी छापेना, कारण ते डॉक्टर नव्हते. मग वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात गेले आणि डॉक्टर झाले. घरी मोजण्याची पद्धत जगभर रुळली. त्यांचा अतिशय कमी पिष्टमय आहाराचा आग्रह मात्र आजही वादाचा आहे. एकाच माणसाची एक गोष्ट घ्यावी, दुसरी तपासून बघावी, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पायरी ५: कुंपण कुठे आहे ते आधी ठरवा

प्रयोग ताटावर, चालण्यावर, झोपेवर. गोळीवर नाही. आकडे छान आले म्हणून गोळी सोडणं किंवा लग्नात जिलेबी खायची म्हणून जास्तीची घेणं, दोन्ही कुंपणाबाहेर.

शुगर ७० च्या खाली गेली की ती 'लो'. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड, भुकेने कासावीस होणं. मोजता आलं तर मोजा, नाही तर वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. जेवणाला वेळ असेल तर त्यानंतर पोळीचा घास किंवा बिस्किटं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. तडक दवाखाना.

यात एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. पाकिटामागे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल, तर ती गोळी आतड्यात साध्या साखरेचं विघटन लांबवते. अशा वेळी साखर किंवा पेढा लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. केमिस्टकडे मिळते. एक पुडा घरात, एक ऑफिसच्या खणात.

उलट्या-जुलाब, ताप किंवा कडक उपास असेल त्या दिवशी नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे तब्येत बरी असतानाच विचारून लिहून ठेवा. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा दिवशी थांबवायला सांगितल्या जातात.

पायरी ६: डॉक्टरांकडे एक पान न्या

अख्खी वही नको, त्यांना वाचायला वेळ नाही. आदल्या रात्री एका पानावर चार ओळी: काय बदललं, काय दिसलं, काय त्रास होतो, आणि दोन प्रश्न. दोनच. सर्वांत महत्त्वाचा आधी, कारण दुसरा राहून जातो.

दोन वर्षांनी मी डॉक्टर बदलले. नव्या मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. पान हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचलं.

"काका, दुपारी चारच्या सुमाराला इथे ६६, इथे ७१, पुन्हा ६८ दिसतंय. तेव्हा काय होतं तुम्हाला?"

"घाम येतो, मॅडम. क्लार्कवर ओरडतो. मला वाटायचं मार्चअखेरचा ताण आहे."

"ताण नाही, ग्लिमेपिराइडची गोळी आहे. तुमचं जेवण सुधारलंय, गोळी जुनीच राहिली. अर्धी करू या."

उठण्याआधी त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत परत बोलून दाखवतो: "म्हणजे सकाळची अर्धी, रात्रीची तशीच, बरोबर?" आठ वर्षांत दोनदा माझी समजूत चुकीची निघाली. विचारायची लाज वाटू देऊ नका.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखर त्यांना चिकटत राहते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३. वहीतले आकडे आणि हा रिपोर्ट जुळत नसेल तर तेही पानावर लिहा. माझ्या बहिणीचं जुळत नव्हतं. तिच्या अंगात लोह कमी निघालं आणि त्याने हा आकडा खोटाच वर जातो. गोळ्या वाढवण्याआधी ते सापडलं, बरं झालं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी १२ तपासायचं का, हाही एका भेटीचा प्रश्न.

पायरी ७: ऐकीव गोष्टींना चाळण

तीन प्रश्न विचारा. सांगणारा काही विकतोय का? किती माणसांवर, किती दिवस करून बघितलं? चालू गोळीबरोबर घेतलं तर काय होईल? कारल्याच्या रसाने थोडी शुगर उतरतही असेल, पण ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने त्यावर तो रोज प्यायला तर 'लो' ओढवू शकते. 'औषधं कायमची बंद' म्हणणाऱ्याचं दुकान तिसऱ्या मिनिटाला उघडतंच.

पायरी ८: मीटरला न दिसणारं

वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्ही किडनीसाठी), पायांची संवेदना. विसरायला होतं, म्हणून मी सणांना बांधून टाकलंय: दसऱ्याला डोळे, संक्रांतीला किडनी. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही त्याच पानावर, कारण हार्ट ॲटॅकचा धोका एकट्या शुगरने ठरत नाही.

पाय मात्र रोज. झोपताना फरशीवर आरसा ठेवून तळवा बघायचा. भेग, फोड, बोटांच्या बेचक्यातली ओल. संवेदना कमी झालेली असेल तर देवळाच्या तापलेल्या अंगणात उन्हाळ्यात अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. चटका जाणवत नाही आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो. देव समजून घेईल.

पायरी ९: संकल्प लहान करा

स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ आजाराच्या पेशंटसाठी सहा आठवड्यांचा वर्ग बसवला, आठवड्याला अडीच तासांचा. शिकवणारे बहुतेक स्वतःच कुठल्यातरी दीर्घ आजाराचे पेशंट. त्यातली एक युक्ती मी उचलली. संकल्प बोलून दाखवायचा आणि शून्य ते दहांत स्वतःला विचारायचं, हे जमण्याची खात्री किती? सातच्या खाली उत्तर आलं तर संकल्प कापायचा. 'रोज पहाटे तासभर चालेन' याला माझं प्रामाणिक उत्तर चार होतं. 'सोमवार ते शुक्रवार, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, गल्लीतल्या गल्लीत' याला आठ. पावसात जिन्यावर चढ-उतार करतो, खालचे भाडेकरू आता विचारत नाहीत.

आणि मग बोटांना सुट्टी द्या

चार-पाच महिन्यांत नेहमीच्या ताटांची उत्तरं मिळालेली असतात. तीच तीच मोजून बोटं भोकसू नका. 'लो' करणारी गोळी नसेल आणि एचबीएवनसी जागेवर असेल, तर डॉक्टरांना विचारून मोजणं कमी करता येतं. मी आता महिन्याला चार-पाच जोड्या मोजतो. नवा पदार्थ, नवी गोळी, लग्नसराई, आजारपण असेल तेव्हा पुन्हा वही काढायची. दंडावर चौदा दिवस चिकटवायचा सेन्सरही मिळतो. वर्षातून एकदा परवडला तर रात्री झोपेत काय चाललंय ते त्याने दिसतं.

या आठवड्याचं पान अजून कोरं आहे. वर एवढंच लिहिलंय: 'वरीचा भात, दाण्याची आमटी दुप्पट, शनिवारी.'